परक्या शहरात गाडी आधीच बुक करताना

विमानतळाबाहेर रांगेत उभी असलेली टॅक्सी, ॲपवरून तेव्हाच्या तेव्हा बोलावलेली कॅब आणि आधीच ठरवून ठेवलेली खासगी गाडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखा प्रवासी त्यांना एकच समजतो आणि तिथेच घोडं पेंड खातं. टॅक्सीचं भाडं मीटर ठरवतो, ॲपवरच्या कॅबचं भाडं मागणीप्रमाणे वरखाली होतं. आधी ठरवलेल्या गाडीचं मात्र भाडं, वेळ, उचलायची जागा आणि सोडायची जागा हे सगळं निघण्यापूर्वीच पक्कं झालेलं असतं. बुकिंगच्या साइटवर हिला 'प्रायव्हेट ट्रान्सफर' म्हणतात. गाडी फक्त तुमची, वाटेत दुसरा प्रवासी नाही, आणि ठरल्या ठिकाणी सोडलं की काम संपलं.

प्रत्येक वेळी तिची गरज असतेच असं नाही. एकटा माणूस, पाठीवर एक बॅग, भरदुपारी उतरायचंय आणि मेट्रो हॉटेलच्या कोपऱ्यापर्यंत जाते, अशा वेळी खासगी गाडी हा उगाचचा खर्च. गर्दीच्या वेळी तर मेट्रोच आधी पोचेल. पण मध्यरात्रीचं विमान, सोबत वयस्कर माणसं किंवा तान्हं मूल, ढीगभर सामान, पाट्या वाचता येणार नाहीत अशी लिपी, किंवा एका विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानतळावरून पुढचं विमान पकडायचं, यातलं काहीही असेल तर गाडी आधी ठरवलेली बरी.

गाडी ठरवणं म्हणजे पैसे भरणं, असं बहुतेकांना वाटतं. खरं काम फॉर्म भरण्याचं आहे. तुम्हाला घ्यायला येणाऱ्या ड्रायव्हरने तुमचं तिकीट पाहिलेलं नसतं, हॉटेलचं बुकिंग पाहिलेलं नसतं. त्याच्या फोनवर मोजक्या ओळी येतात: नाव, फ्लाइट नंबर, टर्मिनल, वेळ, माणसं किती, बॅगा किती, कुठे सोडायचं, आणि खाली एक 'नोट'. त्या ओळी तुम्ही भरलेल्या फॉर्ममधूनच तिथे गेलेल्या असतात. तेव्हा फॉर्म म्हणजे ड्रायव्हरला लिहिलेली चिठ्ठी समजा. त्याने एकही फोन न करता तुमच्यापर्यंत पोचावं, इतकी ती स्पष्ट हवी.

पहिली पायरी: बुकिंग कोणाकडे करायचं

चार मार्ग आहेत. थेट त्या शहरातल्या गाडीवाल्या कंपनीकडे, मोठ्या बुकिंग साइटवर, हॉटेलमार्फत, किंवा उतरल्यावर विमानतळाच्या आतल्या काउंटरवर. हॉटेलमार्फत केलेलं बुकिंग बहुधा महाग पडतं, पण रात्री दोन वाजता काही बिनसलं तर रिसेप्शनवर कोणीतरी जागं असतं आणि त्याला स्थानिक भाषा येते. वयस्कर आईवडील एकटे जाणार असतील तर मी तोच मार्ग सुचवेन.

मोठ्या साइट्स बहुतेक वेळा मध्यस्थ असतात. पैसे त्यांना मिळतात, गाडी मात्र स्थानिक कंपनी पाठवते. यात वावगं काही नाही. फक्त अडचणीच्या वेळी फोन कोणाला करायचा हे आधी माहीत हवं: साइटच्या मदतकेंद्राला की गाडी पाठवणाऱ्या कंपनीला. दोन्ही नंबर मिळत असतील तर दोन्ही घ्या. प्रतिक्रिया वाचताना चांदण्या मोजत बसू नका. सगळ्यात अलीकडच्या आणि सगळ्यात वाईट प्रतिक्रिया वाचा. 'गाडी जुनी होती' ही तक्रार सोडून देता येते. 'फोन कोणी उचलला नाही' ही तक्रार वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर तिथून निघा.

परवाना हा मुद्दा अनेकजण सोडून देतात. बऱ्याच शहरांत टॅक्सी आणि खासगी भाड्याची गाडी यांचे परवाने वेगळे असतात. लंडनमध्ये काळी कॅब रस्त्यावर हात करून थांबवता येते, पण मिनीकॅब कायद्याने आधी बुक केलेलीच असावी लागते. याचा सरळ अर्थ असा, की अरायव्हलच्या दारात 'टॅक्सी, टॅक्सी' करत जवळ येणाऱ्या मिनीकॅबवाल्याला तुम्हाला नेण्याचा हक्कच नसतो, आणि अशा प्रवासात विमा लागू होईलच याची खात्री नसते.

दुसरी पायरी: कुठून आणि कुठे

हे सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मोठ्या शहरांना एकापेक्षा जास्त विमानतळ असतात. टोकियोला हानेदा शहरातच आहे, नारिता मात्र शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर. इस्तंबूलचा मुख्य विमानतळ युरोपकडच्या बाजूला आहे आणि सबिहा गोकचेन आशियाकडच्या बाजूला, मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी. लंडनला हीथ्रो पश्चिमेला, गॅटविक दक्षिणेला, स्टॅनस्टेड ईशान्येला. फॉर्ममध्ये शहराचं नाव टाइप केलं की जो पहिला पर्याय येतो तो निवडून मोकळे होऊ नका. तिकिटावर तीन अक्षरी कोड असतो, तो जुळवा. टर्मिनलही तिकिटावरूनच घ्या.

सोडायच्या जागेबाबत हॉटेलचं नुसतं नाव पुरत नाही. एकाच साखळीतली पाच-सहा हॉटेलं एका शहरात असतात आणि नावात फरक असतो तो शेवटच्या एका शब्दाचा. पूर्ण पत्ता, पिनकोड आणि हॉटेलचा फोन नंबर द्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरणार असाल तर इमारतीचा नंबर आणि दाराशी भेटणाऱ्या माणसाचा नंबरही द्या. पत्ता स्थानिक लिपीत मिळाला तर तोही नोटमध्ये चिकटवा. ड्रायव्हरला तो रोमन अक्षरांतल्या पत्त्यापेक्षा लवकर कळतो.

गाडी दारापर्यंत जाते का हेही पाहा. जुन्या शहरांच्या गाभ्यात अनेक रस्ते फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखलेले असतात. व्हेनिस हे टोकाचं उदाहरण: जुन्या शहरात गाडी पियात्साले रोमा या चौकापर्यंत जाते, पुढे बोट नाहीतर पायपीट. तिथे 'हॉटेलपर्यंत' म्हणून गाडी बुक केली तरी ती त्या चौकातच सोडणार. इतर शहरांत प्रकरण एवढं टोकाला जात नाही, तरी शेवटचे दोनशे मीटर बॅगा ओढत जायचं आहे का, हे हॉटेलला आधी विचारून ठेवावं.

रेल्वे स्टेशनवरून गाडी हवी असेल तर स्टेशनचं नाव आणि बाहेर पडायचं दार दोन्ही लिहा. पॅरिससारख्या शहरात लांब पल्ल्याच्या गाड्यांची अर्धा डझन मोठी स्टेशनं आहेत. आणि हेही लक्षात असू द्या, की विमानाचा उशीर कंपन्या पाहत असतात, रेल्वेचा बहुतेकजण पाहत नाहीत. गाडी लेट झाली तर ते तुम्हीच कळवायचं.

तिसरी पायरी: वेळ

इथे घाई करू नका. फॉर्म दोन प्रकारचे असतात. एक तुम्हाला फ्लाइट नंबर विचारतो आणि विमान कधी टेकतंय ते बघून गाडी पाठवतो. दुसरा फक्त 'पिकअपची वेळ' विचारतो. पहिल्या प्रकारात विमानाची वेळ जशीच्या तशी टाका. दुसऱ्या प्रकारात विमान टेकण्याची वेळ टाकली तर ड्रायव्हर येऊन उभा राहील आणि तुम्ही अजून विमानाच्या मधल्या वाटेत बॅग काढत असाल. देशांतर्गत विमान आणि फक्त हातातली बॅग असेल तर टेकल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर पडता येतं. परदेशातून येताना पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, कस्टम हे सगळं धरून एक तास हिशेबात धरा, मोठ्या विमानतळावर त्याहून जास्त.

बऱ्याच कंपन्या विमानतळावर ४५ ते ६० मिनिटं आणि हॉटेलवर १५ मिनिटं फुकट थांबतात. प्रश्न असा, की ती मिनिटं कधीपासून मोजायची? विमान टेकल्यापासून की बुक केलेल्या वेळेपासून? बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं. ते शोधून वाचा, कारण त्यापुढच्या प्रत्येक पंधरा मिनिटांचे पैसे लागतात आणि काही कंपन्या ठरावीक वेळेनंतर 'प्रवासी आलाच नाही' अशी नोंद करून निघून जातात.

फ्लाइट नंबर देताना दोन गोष्टी पाहा. विमान बदलून येत असाल तर शेवटच्या टप्प्याचा नंबर द्या. पहिल्या टप्प्याचा दिला तर कंपनी भलत्याच शहरात उतरणारं विमान बघत बसेल. दुसरं, तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, असं आता सर्रास असतं. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' असं लिहिलेलं असेल तर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचा नंबर नोटमध्ये जोडा.

आणखी एक गफलत नेहमीची. विमान उशिरा सुटलं तर कंपनीला दिसतं. पण तुमचं मधलं विमान चुकलं आणि तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवलं, तर ते तिला कळायला मार्ग नाही. तिच्या लेखी मूळ विमान वेळेवर उतरलेलं असतं. नवा नंबर हातात पडताच, विमानात चढायच्या आधी, कंपनीला मेसेज करा.

तारखेचंही तसंच. १४ तारखेच्या रात्री ११ला निघालेलं विमान १५ तारखेला पहाटे दीडला उतरतं, आणि गाडी १४ची बुक केलेली असते. तारीख नेहमी उतरण्याच्या शहरातली. टोकियोहून संध्याकाळी निघालेला माणूस लॉस एंजलिसला त्याच तारखेच्या सकाळी किंवा दुपारी पोचतो, म्हणून मनातल्या मनात दिवस मिळवू नका, तिकिटावरचा बघा. ०५/०६ ही तारीख अमेरिकन साइटवर मेची असते आणि इतर बहुतेक ठिकाणी जूनची. रात्रीचे साडेबारा लिहायचे असतील तर २४ तासांच्या घड्याळात ००:३० लिहा, म्हणजे दुपारशी गल्लत होत नाही. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढेमागे होतं. त्या पहाटेची गाडी असेल तर हॉटेलच्या भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका.

चौथी पायरी: गाडी केवढी

साइटवर '४ प्रवासी' लिहिलेलं असतं ते सीट मोजून. साध्या सेडानमध्ये चार माणसं बसतात, पण चौघांचं परदेश प्रवासाचं सामान डिकीत मावत नाही. चेक-इन बॅगेला विमान कंपन्या साधारणपणे लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा घालतात. तेवढ्या दोन बॅगा सेडानच्या डिकीत गेल्या की वर फार तर एक-दोन छोट्या. त्यात गॅसवर चालणारी गाडी असेल तर डिकीतली बरीच जागा टाकीच खाते. म्हणून आधी बॅगा मोजा, मग माणसं. तीन माणसं आणि तीन मोठ्या बॅगा असतील तर मोठी गाडी घ्या. भाड्यातला फरक सहसा दुसरी गाडी करावी लागण्यापेक्षा कमीच असतो. बाबागाडी, वाद्य, सायकलचं खोकं असं काही असेल तर नोटमध्ये मापासकट लिहा.

व्हीलचेअर असेल तर घडी होणारी की बॅटरीची, हे लिहिणं फार महत्त्वाचं. घडीची खुर्ची डिकीत जाते. बॅटरीच्या खुर्चीला रॅम्प असलेली गाडी लागते आणि अशा गाड्या शहरात थोड्याच असतात, त्यामुळे ती बऱ्याच दिवस आधी सांगावी. प्रवासी खुर्चीतून उठून सीटवर बसू शकतात का, तेही लिहा.

लहान मुलाची सीट मागताना नुसतं 'चाइल्ड सीट' लिहू नका. वय, वजन आणि उंची द्या. युरोपीय संघात १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीट लागते, काही देशांनी ही मर्यादा १३५वर आणली आहे. टॅक्सीला काही ठिकाणी यातून सूट असते, पण सूट आहे म्हणून मूल मांडीवर घेऊन वेगाच्या रस्त्याने जाणं शहाणपणाचं नव्हे. सीटचे पैसे बहुधा वेगळे असतात. गाडी आली की सीट नुसती ठेवलेली आहे की पट्ट्याने घट्ट बसवलेली, हे हाताने हलवून पाहा.

पाचवी पायरी: पैसे

भाडं गाडीचं की माणशी, हे आधी बघा. 'शेअर्ड शटल' म्हणजे दहाजणांना उतरवत जाणारी व्हॅन, तिचं भाडं माणशी असतं आणि साइटवर ती बहुधा यादीत सगळ्यात वर, सगळ्यात स्वस्त म्हणून दिसते. खासगी गाडीचं भाडं अख्ख्या गाडीचं असतं. त्यात टोल, पार्किंग, कर, रात्रीचा जादा आकार आणि नावाची पाटी घेऊन आत येण्याचे पैसे धरलेत का ते वाचा. टिपही काही ठिकाणी बिलातच असते.

कार्डाने भरताना 'तुमच्या चलनात भरा' असा पर्याय आला तर तो नाकारून स्थानिक चलनच निवडा. तुमच्या चलनातला आकडा सोयीचा दिसतो, पण त्यातला दर बहुधा वाईट असतो. रोख द्यायचे ठरले असतील तर नेमकी रक्कम सुट्ट्यासकट जवळ ठेवा. अनोळखी माणसाने मेसेज पाठवून 'पेमेंट अडकलंय, या लिंकवर पुन्हा भरा' म्हटलं तर भरू नका. साइटवर स्वतः लॉगिन करून बघा. कॅन्सल करायची मुदत बऱ्याच ठिकाणी २४ तास आधीची असते, तीही पिकअपच्या शहरातल्या घड्याळाप्रमाणे.

सहावी पायरी: नोट लिहायची कशी

बहुतेकजण नोट रिकामी सोडतात किंवा 'प्लीज कम ऑन टाइम' लिहितात, ज्याने कोणाचंच भलं होत नाही. उपयोगी नोट अशी असते: 'प्रवासी दोन, वय ७०च्या पुढे. इंग्रजी जेमतेम. टर्मिनल ३, अरायव्हलच्या दाराशी पाटी धरून थांबा. मोठ्या बॅगा तीन. फोन व्हॉट्सॲपवर करा.' छोटी वाक्यं, म्हणजे भाषांतराच्या ॲपमधून गेली तरी अर्थ तोच राहतो.

मुलगा एका देशात आणि आईवडील दुसऱ्या देशातून प्रवास करणार, असं बुकिंग असेल तर मुख्य प्रवासी म्हणून दारातून बाहेर येणाऱ्याचंच नाव हवं. पैसे भरणाऱ्याचं नाव पाटीवर आलं तर आईवडील त्या पाटीसमोरून निघून जातील. पासपोर्टवरचं लांबलचक नावही पाटीवर नको, आडनाव आणि पहिलं नाव पुरे. फोन नंबर देशाच्या कोडसह, आणि तिथे उतरल्यावर जो चालू असेल तोच. दुसरा नंबर म्हणून मुलाचा द्यावा.

कन्फर्मेशन आलं की ते एकदा शांतपणे वाचा. तारीख, विमानतळ, टर्मिनल, माणसं, बॅगा. मग स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण उतरल्यावर इंटरनेट मिळेलच असं नाही. एक प्रत कागदावर असली तर उत्तम. आदल्या दिवशी कंपनीला एक मेसेज टाका. ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर तेव्हा किंवा त्या दिवशी सकाळी येतो.

उतरल्यावर

फोन चालू करा, विमानतळाचं वायफाय जोडा, मेसेज पाहा. सामानाच्या पट्ट्याशी उभे असतानाच ड्रायव्हरला 'उतरलो, बॅगांची वाट पाहतोय' एवढं कळवा. त्याने गाडी दूरच्या पार्किंगमध्ये लावलेली असते आणि तो त्या मेसेजवर हलतो.

दारातून बाहेर आलं की कठड्यापलीकडे पाट्यांची रांग दिसते. कोणी कागदावर मार्करने लिहिलेलं, कोणी टॅबवर ठळक अक्षरांत, आणि इंग्रजीत लिहिलेलं आपलंच नाव कधीकधी ओळखू येत नाही. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाला. पाटी दिसली की 'तुम्ही माझ्यासाठीच आलात ना?' असं विचारू नका. त्याला फक्त हो म्हणायचं असतं. 'कोणाला घ्यायला आलात, कुठे सोडायचंय?' असं विचारा. पाटीवरचं नाव कोणीही वाचू शकतो, हॉटेलचं नाव मात्र खऱ्या ड्रायव्हरलाच माहीत असतं. गाडीपाशी गेल्यावर नंबर प्लेट जुळवा आणि मगच सामान डिकीत टाका. मधेच कोणी 'तुमची गाडी कॅन्सल झाली, मी सोडतो' म्हणाला तर थांबू नका, उत्तरही देऊ नका.

गाडी दिसलीच नाही तर जागा सोडून इकडेतिकडे फिरू नका. दोघं एकमेकांना शोधत फिरले की कोणीच कोणाला सापडत नाही. ठरलेल्या जागी उभे राहा, आधी ड्रायव्हरला, मग कंपनीला फोन करा. फोन लागला नाही तरी लेखी मेसेज पाठवा आणि जागेचा एक फोटो जोडा, मागे टर्मिनलची पाटी आणि घड्याळ दिसेल असा. पंधरा-वीस मिनिटांत काही हालचाल नसेल तर 'मी दुसरी गाडी करून जातोय' हे लेखी कळवूनच निघा. न कळवता गेलात तर कंपनी तुम्हीच आला नाहीत असं म्हणून हात वर करते आणि पैसे परत मिळत नाहीत. अधिकृत टॅक्सीच्या रांगेतून गाडी घ्या, तिची पावती ठेवा. रिफंड मागताना ती पावती, तो फोटो आणि मेसेजेस एकत्र पाठवा.

परतीची गाडी

परतीचा हिशेब उलटा करायचा. विमान सुटण्याची वेळ घ्या, त्यातून विमान कंपनीने सांगितलेली पोचण्याची वेळ वजा करा, मग त्या दिवसाच्या त्या तासाला लागणारा रस्त्याचा वेळ वजा करा. रविवारी पहाटे अर्ध्या तासात कापलेलं अंतर सोमवारी सकाळी त्याच्या दुप्पट वेळ घेऊ शकतं, त्यामुळे येतानाचा अनुभव जाताना धरू नका. नकाशाच्या ॲपमध्ये 'या वेळी निघालो तर' हा पर्याय असतो, तो वापरा आणि वर थोडा वेळ हाताशी ठेवा. त्या दिवशी शहरात मॅरेथॉन, मिरवणूक किंवा संप आहे का, हे रिसेप्शनवर विचारा. रस्ते बंद असल्याचं हॉटेलवाल्यांना आधी कळतं.

उतरलात तेच टर्मिनल परतीला असेल असं गृहीत धरू नका, तिकीट पुन्हा पाहा. हॉटेलला दोन दारं असतील तर कोणत्या दाराशी गाडी हवी ते लिहा. हॉटेलवर फुकट थांबण्याची मुदत पंधराच मिनिटांची असते, म्हणून खोलीचं बिल आदल्या रात्रीच चुकतं करा आणि ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी बॅगा घेऊन खाली या. पहाटेची गाडी असेल तर ड्रायव्हर निघाल्याचा मेसेज रात्रीच मागून ठेवा. तो आला नाही तर रिसेप्शनला लगेच दुसरी गाडी बोलवायला सांगा, पाच मिनिटं अजून वाट पाहू म्हणत थांबू नका.